‘नाही’ हा शब्द न वापरता दिलेला नकार: मराठीत अभ्यासायचा कसा?

प्रश्न असा आहे: एम.ए.च्या प्रबंधासाठी महाविद्यालयीन तरुण-तरुणी आणि नवविवाहित जोडपी एकमेकांना नकार कसा देतात, विशेषतः जवळिकीला, हे अभ्यासायचं आहे. सीलिया किट्झिंगर आणि हॅना फ्रिथ या स्त्रीवादी मानसशास्त्रज्ञांचा १९९९ चा ‘जस्ट से नो?’ हा निबंध वाचून विषय सुचला. मार्गदर्शक म्हणतात, शंभर जणांकडून प्रश्नावली भरून घ्या आणि त्यात ‘नको असेल तेव्हा तुम्ही स्पष्ट नाही म्हणता का?’ हा प्रश्न ठेवा. चॅटही घ्यायचे का, हा एक प्रश्न आहेच, पण मुख्य म्हणजे एवढं पुरेल का?

नाही पुरणार. लिहून उत्तर देताना इतकं तडकाफडकी ‘नाही’ म्हणता येतं. समोरासमोर बसून विचारलं असतं तर उत्तर असं आलं असतं: ‘हं... म्हणजे तसं करता येईल, पण काय होतं ना...’ आणि ‘पण’ येण्याच्या आधीच तुम्हाला कळलं असतं की गाडी नकाराकडे चालली आहे. किट्झिंगर-फ्रिथ यांचा सगळा मुद्दा याच ‘आधीच कळलं असतं’मध्ये आहे, आणि प्रश्नावलीत नेमकं तेच हातातून सुटतं.

त्यांचं म्हणणं आधी नीट मांडून घेऊ, कारण त्याचा विपर्यास फार होतो. मुलींनी ठाम ‘नाही’ म्हणायला शिकावं, असं शिकवणारे कार्यक्रम तेव्हा जोरात होते. तरुण मुलींच्या गटचर्चांत त्या सांगत होत्या की असं तोंडावर ‘नाही’ म्हणणं अवघड जातं, उद्धट वाटतं. यावर सोपा निष्कर्ष निघाला असता की मुली संवादात कच्च्या आहेत. दोघींनी उलट विचार केला. जेवणाचं आमंत्रण, मदतीची विनंती, फिरायला जाऊ या अशी सूचना, यांना माणसं प्रत्यक्षात नकार कसा देतात, याचा संभाषण विश्लेषणाने, म्हणजे रेकॉर्ड केलेलं खरं बोलणं बारकाईने अभ्यासणाऱ्या शाखेने, तोवर बराच माग काढलेला होता. नकाराआधी थांबणं येतं, ‘अं’ येतं, आभार किंवा कौतुक येतं, मग कारण येतं. आणि कारण बहुधा ‘इच्छा नाही’ असं नसून ‘जमत नाही’ असं असतं. सुटं ‘नाही’ क्वचितच येतं. होकार मात्र चटकन आणि थोडक्यात येतो. म्हणजे मुली जवळिकीला जसा नकार देतात, तसाच सगळं जग चहाला देतं. चहाच्या वेळी तो कळतो, तर इथे का कळू नये? ‘तिचा नकार कळलाच नाही’ ही गैरसमजाची सबब इथेच लंगडी पडते.

आता प्रश्नावली का फसते ते. ‘तुम्ही स्पष्ट नाही म्हणता का?’ असं विचारलं की माणूस स्वतःबद्दलचं मत सांगतो. अर्ध्या सेकंदाची शांतता, श्वास, ‘अगं’ची लांबण यांची बोलणाऱ्याला स्वतःलाच आठवण नसते. शिवाय हा प्रश्नच ‘स्पष्ट’ म्हणजे ‘नाही’ हा शब्द, असं गृहीत धरून येतो, आणि तुम्हाला तपासायचं आहे तेच गृहीतक. मार्गदर्शकांना आकडे हवेच असतील, तर ते मुद्रित, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या, संभाषणांतून काढता येतील. त्याकडे पुढे येऊ.

साहित्य दोन प्रकारचं लागेल आणि क्रम बदलू नका. आधी रोजची बोलणी: आठ-दहा घरं किंवा मित्रगट, मिळून दहा-बारा तास. चहा, उसने पैसे, नोट्स, सुट्टीचे बेत, ‘थांब की अजून थोडा वेळ’. यात प्रणयाचा संबंध नको. कोणाचे खासगी क्षण मुद्रित करण्याचा प्रश्नच येत नाही. किट्झिंगर-फ्रिथ यांनीही ते केलेलं नाही. दुसरा भाग गटचर्चांचा: एका गटात पाच-सहा जण, सगळे अठरा पूर्ण, स्त्रिया वेगळ्या, पुरुष वेगळे, वेळ तास ते दीड तास.

मुद्रणासाठी साधा डिजिटल रेकॉर्डर बोलणाऱ्यांपासून मीटरभराच्या आत ठेवा, आणि दुसरा राखीव. फाइल वेव्ह प्रकारची, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो. मिनिटाला पाच एमबीच्या थोडं वर जागा लागते, तासाला साधारण ३२० एमबी. व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोटवर मुद्रण करू नका. ती आवाज दाबून साठवते आणि बारीक श्वास हरवतात. आवाज ‘स्वच्छ’ करणारं कुठलंही फिल्टर लावू नका, ते तुमचा पुरावाच पुसतं. पंखा आणि मिक्सर यांच्यापासून लांब बसा. कुकरची शिट्टी झाली तर ती लिप्यंतरात नोंदवा, कारण शिट्टीमुळे पडलेली शांतता आणि नकाराची शांतता एक नव्हे.

लिप्यंतर हा कामाचा गाभा आहे आणि इथेच घाई होते. आवाजातून मजकूर करून देणारी साधनं पहिला कच्चा खर्डा देतात, पण ‘अं’ गाळतात, अडखळणं सरळ करतात आणि ‘नाय’, ‘नगं’, ‘न्हाई’ यांचं मुकाट ‘नाही’ करून टाकतात. तो खर्डा विश्लेषणाला वापरू नका. इलान किंवा प्रात यांपैकी एक मोफत साधन घ्या, आवाजाची लहर पडद्यावर बघत शांतता दशांश सेकंदात मोजा. थांबे, लांबण, श्वास लिहिण्याची गेल जेफरसन यांची चिन्हपद्धती मराठीत चालते, दोन दुरुस्त्या करून. एक: स्वर लांबल्याचं दाखवायला त्यांनी कोलन वापरला आहे; देवनागरीत तो विसर्गासारखा दिसतो आणि शोध घेताना घोटाळा होतो, म्हणून अवग्रह वापरा: ‘हंऽऽ’. दोन: ‘हं’ म्हणजे रुकार, ‘अंहं’ म्हणजे नकार, आणि ‘च्’ असा जिभेचा आवाज म्हणजे बहुतेक वेळा नकार किंवा नाराजी. तिन्ही वेगळे लिहा. ‘हुंकार’ असं एकच लेबल लावलंत तर सगळं मुसळ केरात. बोलीतली रूपं जशीच्या तशी ठेवा. बारकाईने केलेल्या लिप्यंतराला मिनिटामागे तासभर जाऊ शकतो, म्हणून पूर्ण बारा तास करायला बसू नका. सगळं ऐका, प्रस्तावांच्या जागा टिपून ठेवा, आणि फक्त त्या जागा, मागचं-पुढचं अर्धं मिनिट धरून, बारकाईने उतरवा.

पद्धत दाखवण्यापुरता एक रचलेला नमुना:

अ: संध्याकाळी येतेस का कॉफीला?
(०.६)
अ: किंवा उद्या चालेल, घाई नाही काही.
ब: हंऽऽ अगं उद्या ना, आईकडे जायचंय.
अ: बरं बरं. मग पुढच्या आठवड्यात बघू.

इथे ‘ब’ने एकदाही ‘नाही’ म्हटलेलं नाही. पण ०.६ सेकंद झाल्याबरोबर ‘अ’ने आपला प्रस्ताव सैल केला. म्हणजे तिला नकार कळला, आणि तोही तो उच्चारला जाण्याआधी. संभाषण विश्लेषणातला पुरावा असा असतो: अमुक वाक्याचा अर्थ काय हे संशोधक ठरवत नाही, समोरच्याने पुढच्या खेपेला काय केलं त्यावरून तो दिसतो. तुमच्या तक्त्यात बाकी रकाने असतीलच (प्रस्ताव कशाचा, शांतता किती, पहिला आवाज कोणता, आभार किंवा कौतुक आहे का, कारण कोणतं, ‘नाही’ किंवा ‘नको’ शब्द आला का), पण सर्वांत मोलाचा रकाना शेवटचा: विचारणाऱ्याने पुढे माघार घेतली, प्रस्ताव बदलला, की आग्रह केला? मार्गदर्शकांचे आकडे याच तक्त्यातून निघतील. आणि होकारही तितक्याच काळजीने गोळा करा. नुसते नकार जमवून ‘नकाराआधी शांतता असते’ म्हणालात, तर परीक्षक पहिलाच प्रश्न विचारतील, होकाराआधी नसते का?

शांततेबद्दल थोडं अधिक. दहा भाषांची तुलना करणारा २००९ चा स्टिव्हर्स आणि सहकाऱ्यांचा अभ्यास सांगतो की प्रश्न आणि उत्तर यांतलं अंतर सरासरी ०.२ सेकंदाच्या आसपास असतं. जपानीत जवळजवळ शून्य, डॅनिशमध्ये ०.४७. त्या दहांत एकही भारतीय भाषा नाही, म्हणून ते आकडे मराठीला चिकटवू नका. तुमच्याच होकारांचं सरासरी अंतर काढा आणि नकाराची शांतता त्याच्याशी ताडून बघा. हे करताना ‘मौनं संमतिलक्षणम्’ हे डोक्यात घट्ट बसलेलं वचन आड येईल. प्रस्तावानंतरच्या मौनाचा कल संमतीकडे नाही, नकाराकडे असतो. वरच्या ‘अ’लाही ते ठाऊक आहे, म्हणून तर ती घाईने ‘किंवा उद्या’ म्हणते.

मराठीत खास फसगती कुठे आहेत, तर पहिली ‘नाही’ हाच शब्द. ‘नाही नाही, खरंय तुझं’ हे सहमती दर्शवणारं वाक्य आहे. ‘नाही, मी काय म्हणतो...’ ही बोलायची नुसती सुरुवात आहे. उलट ‘हो हो, बघू ना’ हा पुष्कळदा नकार असतो. म्हणून फाइलमध्ये ‘नाही’ शोधून मोजणी केलीत तर आकडा मिळेल, अर्थ मिळणार नाही. दुसरं, ‘बघू’ सरसकट नकारात घालू नका. नुसतं ‘बघू’ आणि ‘उद्या सकाळी बघून सांगते’ यांत फरक आहे. वेळेचा नेमका उल्लेख आला की दार बहुधा उघडं असतं. तिसरी गोष्ट अडचण नसून संधी आहे: ‘इच्छा नाही’ऐवजी ‘जमत नाही’ म्हणण्याची सोय मराठीत व्याकरणातच आहे. ‘जमणार नाही’ला कर्ताच नसतो. ‘मला आता जेववत नाही’, ‘तिथे जाववत नाही’ यांत माणूस नकार देत नाही, क्रियाच त्याच्याकडून होत नाही. ‘नको’ आणि ‘नाही’ यांत नकार वाटून घेणं हेही तसंच. यावर एक अख्खं प्रकरण होईल आणि ते इंग्रजीतल्या अभ्यासात तुम्हाला सापडणार नाही, कारण त्या भाषेत ही सोयच नाही.

आता आग्रह. तोंडी परीक्षेत हमखास येणारा आक्षेप असा: आपल्याकडे पहिलं ‘नको’ हे तोंडदेखलंच असतं, पाहुणा ‘नको नको’ म्हणतो आणि मग दोन जिलब्या घेतो, मग ‘नको’ म्हणजे नकार कसा? आक्षेप उडवून लावू नका, तो तपासण्याजोगा आहे. उपचारापुरतं ‘नको’ सहसा लगेच येतं, विचारणाऱ्याच्या वाक्यावर चढून, ‘नको नको’ असं जोडीने. आणि कारण दिलंच तर यजमानाच्या त्रासाचं असतं, ‘कशाला उगाच’. खरं ‘नको’ थोडं थांबून येतं, कारण स्वतःचं असतं, ‘आत्ताच झाला’, ‘ॲसिडिटी आहे’, आणि हात कपावर किंवा ताटावर आडवा जातो. पंगतीत आडवा हात पाहून वाढपी पुढे सरकतो. ‘तोंडाने नाही म्हणाला नव्हता’ असं कुणी म्हणत नाही. म्हणजे मराठी माणसाला दोन्ही ‘नको’ ओळखता येतात, आणि हे तुमच्या मुद्रणांतून दाखवता आलं तर आक्षेपच तुमचा पुरावा होतो. शिवाय तोंडदेखलं ‘नको’ पाहुणा स्वतःच मोडतो, ताट पुढे करून. कुणी जिलबी बळेच तोंडात कोंबली तर त्याला पाहुणचार म्हणत नाहीत. यासाठी शक्य तिथे व्हिडिओ घ्या. नुसत्या आवाजात आडवा हात ऐकू येत नाही.

गटचर्चेत प्रश्नांचा क्रम निर्णायक असतो. रेचल ओबर्न, मार्क रॅप्ली आणि सुसान हॅन्सन यांनी २००६ आणि २००८ च्या निबंधांत ऑस्ट्रेलियातल्या तरुण पुरुषांच्या गटचर्चांवरून दाखवलं की ‘उशीर झाला आता’ यासारखी आडवळणाची वाक्यं हे तरुण नकार म्हणून व्यवस्थित ओळखतात. पण चर्चा बलात्काराच्या जबाबदारीवर आली की तेच ‘मुलींनी स्पष्ट सांगायला हवं’ अशा भाषेत बोलू लागतात. ‘कळलं नाही’ हे अज्ञान तिथे जबाबदारी टाळण्यासाठी पुढे येतं. म्हणून आधी सामान्य नकार: मित्राने बाइक मागितली आणि द्यायची नाही तर काय म्हणता? साहेबांना सुट्टीच्या दिवशी यायला कसं टाळता? समोरच्याला कधी कळतं? यावर अर्धा तास जाऊ द्या. मगच जवळिकीकडे वळा. क्रम उलटा केलात तर पहिल्या पाच मिनिटांत सगळे वकील होतात. डेबोरा टॅनन यांनी १९९० मध्ये लोकप्रिय केलेली, स्त्री आणि पुरुष दोन वेगळ्या संवादसंस्कृतीत वाढतात ही कल्पना चर्चेत कुणीतरी मांडेलच. तिची कसोटी सोपी आहे: जो मुलगा साहेबांचं ‘बघू या’ बरोबर ओळखतो, त्याला मैत्रिणीचं ‘बघू’ तेवढं का कळत नाही?

निष्कर्ष ताणू नका, हेही सांगायला हवं. कुणाचाही गैरसमज कधीच होत नाही, असं हे संशोधन म्हणत नाही. ठाम ‘नाही’ म्हणू नये, असंही म्हणत नाही. ते म्हणता आलं तर उत्तमच. त्याचा आक्षेप एवढाच, की ‘नाही’ हा शब्दच खरा नकार मानला की बाकीचे सगळे नकार आपोआप कमकुवत ठरतात.

कायद्याचा भाग प्रस्तावनेत थोडक्यात येऊ द्या, पण नेमका. १९७२ मध्ये देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पोलिसांना निर्दोष ठरवलं. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराची खूण नाही, हा युक्तिवादाचा मोठा भाग होता. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायद्याच्या अध्यापकांनी खुलं पत्र लिहून शरण जाणं आणि संमती यांतला फरक मांडला, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. २०१३ च्या दुरुस्तीत संमतीची व्याख्या आली. आज ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये आहे. ती नकाराची व्याख्या करत नाही, होकाराची करते: शब्द, हावभाव किंवा अन्य मार्गाने व्यक्त झालेली निःसंदिग्ध, स्वेच्छेची तयारी. शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती धरता येत नाही, हेही तिथेच लिहिलं आहे. तरी २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका निकालात क्षीण ‘नाही’चा अर्थ कधी ‘हो’ असू शकतो, असं म्हटलंच. आणि पत्नी अठरा वर्षांवरची असेल तर पतीला त्याच कलमात अपवाद आहे. तुमच्या अभ्यासात नवविवाहित जोडपी आहेत, तेव्हा हे वगळता येणार नाही.

नैतिकतेच्या बाजूला तीन गोष्टी नाहीत तर अभ्यास सुरूच करू नका. संस्थेच्या नीतिसमितीची परवानगी हवी. सहभागी अठरा पूर्ण हवेत, कारण पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अल्पवयीनावरच्या अत्याचाराची माहिती मिळाली तर ती कळवणं बंधनकारक आहे. हे संमतीपत्रात आणि तोंडी, दोन्हीकडे आधीच सांगा. आणि गटचर्चांसाठी पती-पत्नी दोघांना घेऊ नका, एका घरातून एकच व्यक्ती. जोडीदार फोन बघत असू शकतो, म्हणून निरोपात, फाइलच्या नावात, कॅलेंडरमध्ये ‘दैनंदिन संभाषण’ एवढंच लिहा. खरा विषय प्रत्यक्ष भेटीत सांगा. चर्चेत कुणाला त्रास झाला तर हाती द्यायला १८१ ही महिला हेल्पलाइन आणि टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हे क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असू द्या, पण ती घरी न्यायची की नाही हे तिला ठरवू द्या. गटात बोललेलं गटाबाहेर जाणार नाही याची हमी तुम्ही देऊ शकत नाही. म्हणून ‘स्वतःचा अनुभव सांगू नका, लोक काय करतात ते सांगा’ ही सूचना सुरुवातीला आणि मध्येही एकदा द्या.

नावं बदलताना मराठीची एक अडचण लक्षात ठेवा: ‘जाते’, ‘जातो’ यांतून बोलणाऱ्याचं लिंग उघड होतं, आणि ‘अहो’, ‘अगं’ यांतून नातं. ओळख लपवण्यासाठी क्रियापदं बदलू नका, गाव आणि कॉलेज बदला. पारलिंगी व्यक्ती स्वतःसाठी जे रूप वापरते तेच ठेवा. नातं विचारताना ‘मिस्टर’, ‘बायको’ असे शब्द तुम्ही आधी उच्चारू नका. माणसं नवरा-बायकोचा उल्लेख कशी सहज करतात आणि तो कुणाच्या लक्षातही येत नाही, यावर किट्झिंगर यांचंच २००५ चं काम आहे. तुमच्या प्रश्नांतला ‘जोडीदार’ समलिंगी नात्यालाही जागा देतो का, ते आधी बघा.

चॅट घ्यायचे का, असंही तुम्ही विचारलं आहे. या प्रबंधात नको. तिथे उशिराचा अर्थ वेगळा असतो: फोन चार्जिंगला असतो, लेक्चर चालू असतं, निळी टिक बंद केलेली असते. तोंडी बोलण्यातले दशांश सेकंद आणि चॅटमधले तास एका तक्त्यात बसत नाहीत. पुढे कधी घेतलेत तर स्क्रीनशॉट देणाऱ्याची परवानगी पुरत नाही, चॅटमधल्या दुसऱ्या व्यक्तीचीही लागते.